ओटीतल्या पाच खारका

नीलानं खारीक दाताखाली धरून मोडली, आतली बी तळहातावर घेतली आणि दुकानाच्या दारातल्या उजेडात नेऊन उलटीपालटी करून बघितली.

"बी बघून गाव कळत नाही, आक्का," चिंतामणी गल्ल्यावरूनच म्हणाला. "खारकेला कुठं पासपोर्ट असतो?"

"तुमाला तरी म्हाईत असंल की, अण्णा."

"मला माहीत आहे म्हणूनच म्हणतो, विचारू नका."

शहापूरच्या खडेबाजारात चिंतामणीचं सुक्या मेव्याचं दुकान तीन पिढ्यांचं. मे महिन्यात लढाईच्या त्या चार दिवसांत त्यानं दारावर पाटी लावली होती. वर मोठ्या अक्षरांत कन्नड, खाली बारीक मराठी: आमच्याकडे शत्रूदेशाचा माल मिळणार नाही. जून अर्धा सरला तरी पाटी जागेवर होती. खारकेचा डबा तेवढा समोरच्या फळीवरून उठून मागच्या खोलीत गेला होता.

"कच्छची म्हणून सांगितली तर?" नीलानं विचारलं.

"तुम्ही सांगा. मी नाही सांगणार." चिंतामणीनं चष्मा कपाळावर सरकवला. असं काही समजावून सांगायची संधी मिळाली की त्याला चेव यायचा. "हे बघा, आपल्याकडं ओटीत पडणारी खारीक आजवर बहुतेक तिकडचीच. तुमच्या आईच्या ओटीत पडली ती, माझ्या बायकोच्या ओटीत पडली ती. आधी सरळ ट्रकनं यायची. मग आपल्या सरकारनं दोनशे टक्के कर घातला, तेव्हा दुबईला वळसा घालून यायला लागली. खोक्यावरचं नाव बदललं, आतली खारीक तीच. आता दुबईहून आली तरी बंद. हे डब्यात उरलंय ते बंदीच्या आधीचं."

"म्हंजे चालतंय न्हवं?"

"सरकारला चालतंय. तुमच्या विहीणबाईंना चालेल का, ते मी कसं सांगू?"

खरी गोची तिथंच होती. नीलानं पाच खारका निवडून घेतल्या, पुडी बांधून घेतली, आणि पायरी उतरता उतरता मागं वळली.

"अबोलीच्या लग्नात नेलत्या, त्या?"

"त्याही ह्याच डब्यातल्या," चिंतामणी म्हणाला. "पण ते तुम्ही मला विचारलं नाही आणि मी तुम्हाला सांगितलं नाही."

रिक्षात बसल्यावर नीलानं पुडी कमरेला खोचली. सकाळपासून तिच्या अंगात वारं भरलं होतं. आज तिच्या लेकीचं, अबोलीचं डोहाळजेवण, सातवा महिना. आणि आजच तिचा जावई श्रीनाथ येणार होता. श्रीनाथ फौजेत, नेमणूक पार सीमेवर. चार वाजता त्याचं विमान सांबऱ्याच्या विमानतळावर उतरणार, पाचच्या आत तो वडगावात नीलाच्या दारात उभा राहणार. नीलानं सगळं त्या पाच वाजण्यावर बेतलं होतं, आणि ते तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

कारण असं होतं. मे महिन्यात चार दिवस श्रीनाथचा फोन लागला नव्हता. त्यातले पहिले दोन दिवस त्याची आई, संकेश्वरची अंजनी, देवापुढून उठली नाही. तिसऱ्या दिवशी ती उठली ती थेट स्वयंपाकघरात गेली. उपासाचं सैंधव मीठ तिकडच्या खाणीतलं असतं असं कुणीतरी सांगितलं होतं, ती बरणी तिनं गटारीत उपडी केली. डब्यातल्या खारका त्याच वाटेनं गेल्या. आणि गल्लीतल्या दहा बायकांसमोर ती बोलून बसली: माझं पोरगं परतून उंबरा ओलांडेपर्यंत तिकडची एक काडी माझ्या घरात येणार न्हाय, माझ्या सुनंच्या अंगाला लागणार न्हाय. चौथा दिवस सरता सरता फोन लागला. आता असला बोल कोण मोडणार?

नीलाला त्या बोलाबद्दल काहीच म्हणायचं नव्हतं. पोर तिकडं उभं असताना आईनं काय बोलावं, हे दुसऱ्या आईनं शिकवू नये. पण तिचीही एक गाठ होती आणि ती सुटत नव्हती. दोन वर्षांपूर्वी अबोलीला पहिल्यांदा दिवस गेले, तेव्हा चोरओटी नीलानंच भरली होती. मागावर घाईची साडी होती, हात शाईच्या रंगानं भरलेले. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, बदाम घेतले आणि खारीक राहिली. ओटीतला एक जिन्नस कमी. पुढच्या आठवड्यात अबोलीला दवाखान्यात न्यावं लागलं, आणि हात हलवत परत आणावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं की त्याला कुणाचाच इलाज नव्हता. नीलाला ते पटलं होतं. पण ताण्यातला एक दोरा तुटलेला राहिला की ती रेघ साडीच्या टोकापर्यंत दिसत राहते, हे तिनं तीस वर्षं डोळ्यांनी बघितलेलं. ह्या खेपेला ती ओटीत काही कमी पडू देणार नव्हती.

म्हणून हिशेब साधा होता. श्रीनाथनं उंबरा ओलांडला की अंजनीचा बोल पुरा. मग खारका उघड ताटात. दोघी आयांचा शब्द राहिला.

घरी येऊन ती मागाच्या खोलीत गेली. तिच्या नवऱ्यानं, अप्पासाहेबांनी, आज एकच माग चालू ठेवला होता, तोही पाहुणे येईपर्यंत. मागाखाली पडलेला हिरवा रेशमी दोरा तिनं उचलला. पाचही खारका एकत्र घेऊन त्याचे दोन वेढे दिले, विणकरी गाठ मारली, चपटी, बोटाला न लागणारी, आणि पुडी परत कमरेला खोचली. सुटी खारीक ओटीत घालायची नाही, मागावरच्या दोऱ्यानं बांधून घालायची, ही तिच्या सासूची रीत. वडगावातही आता फार घरांत ती उरली नव्हती.

"मिळाल्या वाटतं," अप्पासाहेब माग न थांबवता म्हणाले.

"तुमी बघितलं न्हाय."

"न्हाय बघितलं," असं म्हणून त्यांनी मान ताण्याकडं वळवली.

अंजनी अकराच्या बसनं आली. नवरा साखर कारखान्यात पाळीवर होता म्हणून एकटीच. पण दोन पिशव्या, एक करंडी आणि काखेत फणस. उंच, हाडापेरानं मोठी बाई. तिनं पाय धुतले, अबोलीच्या गालावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली आणि तशीच ओटीच्या ताटाकडं गेली. एकेक वस्तू उचलून बघितली. खण. नारळ. लेकुरवाळं हळकुंड. सुपाऱ्या. बदाम.

"खारका?"

"मिळाल्या न्हाईत, ईनबाई," नीला म्हणाली. कमरेची पुडी तिला एकदम गरम लागली.

"बरं झालं," अंजनी म्हणाली.

तिनं कमरेची चंची काढली, तिची दोरी सैल केली, आत बघितलं. मग पान न काढताच दोरी ओढून चंची परत कमरेला लावली आणि म्हणाली, "फणस कुठं ठेवू?"

दुपारी घर बायकांनी भरलं. हिरव्या साडीतली अबोली फुलांच्या झोपाळ्यावर. तिच्यापुढं वाट्या झाकून ठेवलेल्या, कुठलीही एक उघडायची: पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. अबोलीनं उघडली त्या वाटीत दोन्ही निघालं, कारण शेजारच्या बाळाबाईनं गडबडीत दोन्ही एकीतच ठेवलं होतं. हसून हसून बायकांच्या डोळ्यांना पाणी आलं. अंजनीसुद्धा हसली. पण तिचं अर्धं लक्ष मोबाईलवर, आणि नीलाचं अर्धं लक्ष अंजनीच्या मोबाईलवर.

चार वाजले. सव्वाचार. बाहेर ढग इतके खाली आले होते की समोरच्या घराची गच्ची धूसर झाली होती. बाळाबाईनं ओटीचा विषय काढला तेव्हा नीला म्हणाली, "चा घेऊ आधी." चहा झाला. पुन्हा विषय निघाला तेव्हा म्हणाली, "फोटोवाला येऊ दे." फोटोवाला मघापासून कोपऱ्यात बसून लाडू खात होता.

सव्वापाचला फोन वाजला. अंजनीनं तो कानाला लावला.

"कुठं? ... हुबळीला? आन हुबळीला कशापायी? ... बरं. बरं. सावकाश ये. गाडी पळवायला लावू नगंस."

सांबऱ्यावर ढग फार, म्हणून विमान वर घिरट्या घालून हुबळीला उतरलं होतं. श्रीनाथनं टॅक्सी केली होती. साडेसात तरी वाजणार.

नीलानं हातातला तांब्या खाली ठेवला. साडेसात म्हणजे दिवेलागण उलटून गेलेली. दिवे लागल्यावर ओटी भरत नाहीत; हे तिलाही ठाऊक आणि इथल्या प्रत्येक बाईला ठाऊक. उद्याचा दिवस चांगला नव्हता. ती आत गेली, पाणी प्यायली, बाहेर आली, परत आत गेली.

"आई, काय झालंय तुला?" अबोलीनं झोपाळ्यावरून हळूच विचारलं.

"काय न्हाय गं."

"मागल्या येळचं आठवायलीस न्हवं? मला बी आठवायलंय."

नीलानं लेकीचा हात घट्ट धरला. 

सहा वाजता बाळाबाई उठलीच. "आता किती थांबायचं? जावई काय ओटी भरणार हाय व्हय? चला, उजेड हाय तवर उरकू." पाच सवाष्णी ठरल्या. अबोलीला पाटावर बसवलं. एकीनं हळदकुंकू लावलं, दुसरीनं तांदळाची ओंजळ घातली.

नीला तिसरी. तिचा उजवा हात कमरेवर होता. पुडी पदराच्या आत सैल करून तिनं मुठीत धरली होती. खण घालताना त्याच्या घडीत सरकवायची, कुणाला दिसायचं नाही. दिसलं तर? अंजनी समोरच बसली होती, गुडघ्यावर हात ठेवून, टक लावून. आपण एका आईचा बोल चोरून मोडणार, आणि तोही तिच्या पोराच्या नावानं केलेला. पोर अजून रस्त्यात होतं.  तिनं खण घातला. नारळ घातला. मूठ तशीच कमरेला राहिली. तिच्यानं झालं नाही.

ती मागं सरली तेव्हा तिला भोवतालचं काही दिसेना. आपण लेकीची ओटी दुसऱ्यांदा अर्धी ठेवली, एवढंच तिला कळत होतं.

"थांबा," अंजनी म्हणाली. "माझी राहिलीया."

ती पुढं आली, पाटासमोर बसली. हळकुंड घातलं, सुपारी घातली, बदाम घातले. मग कमरेची चंची काढून दोरी सोडली आणि आतून कापडाची लहानशी पुरचुंडी काढली. ती उलगडली. तिच्या तळहातावर पाच खारका होत्या, जुन्या, काळपट, सुरकुतून अर्ध्या झालेल्या.

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. गटारीतल्या बरणीची गोष्ट संकेश्वरहून वडगावापर्यंत सगळ्यांना पाठ होती. बाळाबाईला मात्र गप्प बसवेना.

"आक्का, ह्या कुठल्या वो?"

"आमच्या घरातल्या हायत," अंजनी म्हणाली. तिनं मान वर केली नाही.

तिनं त्या अबोलीच्या पदरात ठेवल्या, आणि तेव्हा नीलाला दोरा दिसला. अंजिरी रेशमी, विटलेला, दोन वेढ्यांचा. वर चपटी विणकरी गाठ. ती गाठ संकेश्वरात कुणाला मारता येत नव्हती. तीन वर्षांपूर्वी लग्नात विहिणीला द्यायची अंजिरी साडी नीलानं स्वतः विणली होती, आणि त्याच साडीच्या उरल्या दोऱ्यानं विहिणीच्या ओटीतल्या खारका बांधल्या होत्या. चिंतामणीच्या डब्यातल्या.

सकाळी अंजनी संकेश्वरहून निघाली तेव्हा विमान वेळेवर होतं. ढग नव्हते. कुणाला काही माहीत नव्हतं. पोर वेळेवर येवो न येवो, तिनं ह्या चंचीत घालून आणल्या होत्या.

पाचवीनं ओटी पुरी केली. अबोलीनं पदर सावरून आधी देवाला, मग अंजनीला, मग नीलाला वाकता येईल तेवढं वाकून नमस्कार केला. नीलानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्याच हाताची मूठ आता मोकळी आहे हे तिच्या ध्यानात आलं. पुडी कमरेला परत कधी खोचली, तिला आठवेना.

पावणेआठला टॅक्सी आली. गल्लीतली पोरं पुढं धावली, कुणीतरी भाकरतुकडा ओवाळला, अंजनीनं पोराला दारातच धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. श्रीनाथ रोडावला होता, पण हसणं तेच. तो आत येऊन अबोलीजवळ बसला, ओटीच्या पदरात बघून म्हणाला,

"खारका? आई, तू तर म्हणालीस..."

"गप जेव आधी," अंजनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजनी निघाली. श्रीनाथ आणि अबोली दोन दिवसांनी येणार होते. निघणाऱ्या विहिणीची ओटी भरायची म्हणून नीलानं तिला पाटावर बसवलं. घरात दुसरं कुणी नव्हतं. मागाच्या खोलीत अप्पासाहेब, आणि मागाचा आवाज. नीलानं खण ठेवला, नारळ ठेवला. मग कमरेची पुडी सोडली आणि पाच खारका सरळ वर, उघड्यावर ठेवल्या.

"काल खोटं बोललो, ईनबाई. मिळाल्या हुत्या."

"म्हाईत हाय की. सारखा कमरेला हात जात हुता तुमचा."

नीला हसली. मग तिच्यानं राहवलं नाही.

"तुमी तर समदं टाकून दिलतं म्हनं. त्या कशा ऱ्हायल्या?"

"डब्यातल्या टाकल्या," अंजनी म्हणाली. "त्या ट्रंकंत हुत्या, तुमच्या साडीच्या घडीत. तितं बी गेलतो टाकाय. हातात घेतल्या. आन मग..." तिनं मांडीवरचा खण सारखा केला. "तुमी भरलेली ओटी. ती कशी टाकायची?"

तिनं ओटीतल्या खारका उचलल्या, डोळ्यांजवळ नेल्या आणि अंगठ्यानं गाठ चाचपून बघितली.

"ह्या खेपंला हिरवा हाय दोरा."

"मागावर हिरवीच हाय साडी."

कुठल्या, कुठून आल्या, बंदीच्या आधीच्या की नंतरच्या, ते अंजनीनं विचारलं नाही. विचारलं असतं तर नीलानं सांगितलं असतं. अंजनीनं कालच्या त्याच कापडात खारका गुंडाळल्या, चंचीत घातल्या, दोरी ओढून बंद केली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली.

"ऱ्हाऊ देत," ती म्हणाली. "लागतील परत."